आचारी सुट्टीवर

मामा वरणाची चव कधी पळीनं घेत नसत. पळी कढईच्या काठावर आपटायची, तिच्या टोकाचा एक थेंब डाव्या हाताच्या पालथ्या बाजूवर, अंगठ्याच्या मुळाशी टाकायचा, जिभेनं टिपायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. आजूबाजूला नवरीचा बाप, काका, आत्या सगळे श्वास धरून. डोळे उघडले की म्हणायचे, "बराबर हाये. बसवा पंगत."

भोकरदनकडच्या लग्नांना तुम्ही गेला असाल तर त्यांच्या हातची वरण-बट्टी तुमच्या पोटात गेलेली आहे. त्यांना मात्र तुम्ही पाहिलं नसेल. मंडपामागे, पत्र्याच्या आडोशाला, धुरात उभा असलेला उंच आणि काटकुळा माणूस कोण कशाला पाहील? भुवया म्हणून काही नव्हत्याच, जाळानं कधीच्या नेल्या होत्या.

मी पाहिलं, कारण माझाही धंदा लग्नाचाच. साऊंड माझा, माईक माझा आणि बोलणाराही मीच. मंगलाष्टकं म्हणायची, नवरीच्या आईला वेळेवर रडवायचं, कुणाची मोटारसायकल ट्रॅक्टरपुढं आडवी लागली आहे तेही मीच सांगायचं. वीसेक वर्षं त्यांची कढई आणि माझा कर्णा एकाच मंडपात होते.

तर ऐका. एका गावात माजी सरपंचांच्या मुलाचं लग्न होतं. गावाचं नाव सांगत नाही, मला अजून तिथल्या सुपाऱ्या हव्या आहेत. दोन हजार माणूस जेवून उठलं होतं. उन्हं कलली. शेवटची पंगत बसत होती. पहाटेपासून उभे असलेले मामा हातपाय धुऊन आले आणि ओळीच्या टोकाला एका पानावर बसले. तेवढ्यात सरपंचांचे उशिरा आलेले पाव्हणे मंडपात शिरले. एक जागा कमी पडत होती. सरपंच तरातरा आले, मामांच्या कोपराला धरलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आचाऱ्यानं कढईपाशी खायचं असतंय. ऊठ."

मामा उठले. कढईपाशी गेले, पण जेवले नाहीत. भांडी टेंपोत चढवली आणि निघून गेले.

पुढच्या हंगामात कुठल्याशा लग्नात कणीक तिंबता तिंबता एकदम म्हणाले, "सरपंचाची पोरगी औंदा बारावीला हाये." मी म्हटलं, असेल. वर्षानं म्हणाले, "बीएस्सीला गेली." त्याच्या पुढच्या वर्षी बीएस्सीचं दुसरं वर्ष. त्या मुलीच्या अभ्यासाची काळजी तिच्या बापापेक्षा मामांना जास्त होती. ती एका विषयात राहिली तेव्हा मामांचा चेहरा असा उतरला की मी त्यांना चहा पाजला.

याच सुमाराला त्यांचा भाचा पुण्याहून आला. मोठ्या कंपनीतला, चांगल्या पगाराचा. नोकरी सोडून सहा महिन्यांचा ब्रेक घेतला म्हणाला. मामांनी विचारलं, कुणी काढलं काय रे? तो म्हणाला, नाही मामा, आराम करून राह्यलो, स्वतःला शोधून राह्यलो.

"हरवला कव्हा?" मामांनी विचारलं.

पण ती गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली. भाचा दुपारी बारापर्यंत झोपायचा, मग लिंबाखाली बाजेवर पडून आभाळाकडं बघायचा आणि त्याला कुणी काही म्हणू शकत नव्हतं. नोकरी गेलेला माणूस वेगळा आणि नोकरी आपणहून सोडलेला माणूस वेगळा, हे मामांनी तिथं पाहिलं. मला सांगताना त्यांचे डोळे असे चमकत होते, जणू कुणीतरी त्यांना हत्याराची धार दाखवली असावी.

मुलगी बीएस्सी झाली. दिवाळीला तिची सोयरीक जमली. आणि त्याच आठवड्यात मामांनी जाहीर केलं की यंदाचा अख्खा हंगाम आपण कढईला हात लावणार नाही. बाकीच्या ठिकाणी आपला शागीर्द दिला, कुणाचं अडू दिलं नाही. सरपंचांचा माणूस आला तेव्हा शागीर्दाच्या सगळ्या तिथी भरलेल्या होत्या आणि मामा बाजेवर पडलेले होते.

"मी ब्रेक घेऊन राह्यलो," मामा म्हणाले.

माणसानं परत जाऊन काय सांगितलं कोण जाणे, चार दिवसांनी खुद्द सरपंच आले. गाडी दारात उभी. मामा उठून बसले, पाणी दिलं, चहा दिला. सरपंच म्हणाले की पोरीच्या सासरची माणसं मोठी आहेत, तुझ्याच हातची बट्टी पाहिजे म्हणतात, सांग काय घेतो. मामांनी फार हळू आवाजात सांगितलं की पैशाचं काही नाही, सध्या आपण स्वतःला शोधतो आहोत. सरपंचांना वाटलं, म्हातारा आजारी आहे. ते मामींकडं वळून म्हणाले, डॉक्टरला दाखवा.

आता खरी मजा सुरू झाली. मामांनी दोन पांढरेशुभ्र सदरे शिवून घेतले आणि लग्नांना पाव्हणा म्हणून जायला लागले. ज्याची ज्याची पत्रिका येईल त्याच्याकडं.

पहिल्या लग्नात त्यांची फजिती झाली. पंगतीत बसले आणि चार मिनिटांत जेवण संपवून उभे राहिले, कारण आयुष्यभर उभ्याउभ्या खाल्लेलं. शेजारच्यांनी सदऱ्याला धरून खाली बसवलं. दुसऱ्या लग्नात करपल्याचा वास आल्याबरोबर खरकट्या हातानं मागं कढईकडं पळाले. तिसऱ्या लग्नात मात्र जमलं. आणि त्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन, मोठा गुन्हा कबूल करावा तसं सांगितलं की आपल्याला वरण आवडतच नाही. तीस वर्षं केलं, दुनियेला खाऊ घातलं आणि आत्ता निवांत बसून खाल्लं तेव्हा कळलं. "मला मठ्ठा आवडतोय," ते म्हणाले. भाच्याला पुण्यात इतकं सापडलं की नाही मला माहीत नाही.

पिंपळगाव रेणुकाईच्या एका लग्नात मी मंगलाष्टकं म्हणत होतो. समोर पाहिलं तर मामा पहिल्या रांगेत, मुठीत अक्षता धरून उभे, आणि गालावरून पाणी चाललेलं. मला वाटलं माझा आवाज लागला. नंतर विचारलं तर म्हणाले, "अक्षता टाकायच्या टायमाला मी पुऱ्या तळत असायचो रे. लगीन पाह्यलंच नव्हतं कधी." हजारेक लग्नं केलेला माणूस.

मग सरपंचांच्या घरचं लग्न आलं. पत्रिका गावोगाव वाटल्या होत्या, एक मामांच्याही दारात पडली होती. मामा नवा सदरा घालून आले. पहिल्या पंगतीत, सरपंचांच्या डोळ्यांसमोर पान मांडून बसायचं, इतकाच त्यांचा बेत होता. पाच वर्षं त्यासाठी थांबले होते.

आणि मंडपात पंगतच नव्हती. मामा मिळाले नाहीत म्हणून सरपंचांनी शहरातून केटरर आणला होता. लांब टेबलं, झाकणाची चकचकीत भांडी, गळ्यात काळे बो लावलेले वाढपी. ताट घ्या आणि उभ्यानं खा. मामा हातात रिकामं ताट धरून उभे होते. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नाही. सूड घ्यायला आलेल्या माणसाला बसायला जागा नाही, यापेक्षा वाईट काय असतं?

पण नवरदेवाकडच्या म्हाताऱ्यांनी वाचवलं. त्यांतले एक आजोबा ताट घेऊन दोन मिनिटं फिरले आणि मोठ्यानं म्हणाले, उभ्यानं खायला आम्ही काय बैल आहोत का, आणि सरळ सतरंजीवर बसले. त्यांच्या शेजारी दुसरे बसले. बघता बघता चाळीस-पन्नास म्हातारे ओळ धरून बसले, आणि पहिल्या ओळीत, आजोबांना चिकटून, आमचे मामा.

केटररची माणसं म्हणाली, वाकून वाढणं आमच्या कामात येत नाही. गावातल्या पोरांच्या हातात ताटं, तोंडात घास. सरपंच घामाघूम होऊन इकडून तिकडं पळत होते आणि व्याही हाताची घडी घालून बघत होते. शेवटी सरपंच मामांसमोर येऊन वाकले. आजवरचा अरेतुरे कुठल्या कुठं गेला होता.

"मामा, तुम्ही तेवढं सांभाळून घ्या. इज्जतीचा सवाल हाये."

"मी तर सुट्टीवर हाये," मामा म्हणाले. मग आजोबांकडं पाहत, सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पन यजमानानं सोता वाढलं तर पाव्हन्याला लई बरं वाटतंय."

आजोबांनी मांडीवर थाप मारली. व्याही म्हणाले, हे बराबर आहे. आता सरपंच काय करतील? देवळातून बादल्या आल्या. सोनेरी फेटा बांधलेले सरपंच डाळीची बादली घेऊन ओळीतून वाकत वाकत निघाले.

अशा वेळी माझ्या हातात माईक होता, यात माझा काय दोष? मी माझा लग्नातला ठेवणीतला आवाज काढला. यजमान स्वतः वाढत आहेत, सर्वांनी सावकाश जेवावं. पहिल्या ओळीतल्या मामांना भात पोहोचलेला नाही, यजमानांनी इकडं लक्ष द्यावं. मामांचा द्रोण रिकामा दिसतो आहे. यजमान, आग्रह कमी पडतो आहे.

सरपंचांनी मामांच्या द्रोणात डाळ वाढली. मामांनी बोट बुडवलं, एक थेंब हाताच्या पालथ्या बाजूवर टाकला, जिभेनं टिपला आणि डोळे मिटले. सरपंच बादली धरून वाकलेले. मामांनी किती वेळ डोळे मिटले होते म्हणून सांगू? आजोबांचा भात कालवून झाला.

"मीठ कमी हाये," मामा म्हणाले. "पन चालतंय."

जेवण झाल्यावर हात धुऊन मामा माझ्या टेबलापाशी आले. आता पाठीवर थाप पडणार म्हणून मी ताठ उभा राहिलो. चांगला बोललास आज, असं ते म्हणालेही. मी विचारलं, मामा, फिटलं ना सगळं?

"त्याचं फिटलं," मामा म्हणाले. रुमालानं सावकाश हात पुसले. "तुझी पोरगी कितवीला हाये रे?"

मंडळी, इथपर्यंत मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. पाच वर्षांपूर्वी सरपंचांनी कोपर धरलं तेव्हा मामा उठलेच नव्हते. पान घट्ट धरून तसेच बसून राहिले होते. सरपंचांनी माझ्याकडं पाहिलं, मला हातानं खूण केली. आणि मी, याच ठेवणीतल्या आवाजात, माईकवर म्हणालो, "आचारीमामांना कढई बोलावते आहे, त्यांनी तिकडं जावं." सगळा मंडप हसला. त्या हसण्यानं मामा उठले. सरपंचांच्या हातानं नाही.

मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, असं मी सांगितलं. आणि खाली बघून माईकची वायर गुंडाळायला घेतली.

मामा पुढच्या हंगामातही कढईवर आले नाहीत. ब्रेक वाढवला म्हणाले. यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. बायकोला घेऊन पत्रिका द्यायला गेलो, टॉवेल-टोपी दिली. माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून गेलो होतो. हजारांसमोर बोलणारा मी, त्या बाजेपाशी बसून मठ्ठा प्यालो आणि एकही वाक्य न बोलता उठलो. मामा दारापर्यंत आले. येतो की, म्हणाले, पहिल्या पंगतीलाच येतो.

लग्नाच्या दिवशी माईक मी दुसऱ्याकडं दिला. पहिल्या ओळीत, पंख्याखाली त्यांचं पान मांडलं, शेजारी मठ्ठ्याचा तांब्या ठेवला आणि स्वतः बादली घेऊन उभा राहिलो. पहिली पंगत उठली. दुसरी उठली. व्याह्यांनी विचारलं, इथं कोण बसायचं आहे? मी म्हटलं, आमच्यातले मोठे आहेत, येतीलच. बायको म्हणाली, दोन घास खाऊन घ्या. मी नाही म्हटलं. मुलगी सासरी गेली, मंडपवाल्यांनी दोर सोडायला घेतले, तरी मी ते पान उचलू दिलं नाही.

तेवढ्यात आमच्या धंद्यातल्या एकाचा फोन आला. तो त्या दिवशी केदारखेड्याला दुसऱ्या लग्नात होता. म्हणाला, मामा इथं पहिल्या पंगतीला जेवले. चार बट्ट्या खाल्ल्या. निघताना तुम्हाला निरोप दिला आहे.

"काय निरोप?"

"म्हणाले, त्याला म्हनावं, जेवून घे आता."

मी बादली खाली ठेवली आणि त्यांच्या पानावर बसलो. वाढायला कुणी उरलं नव्हतं. बट्टी गार झाली होती.