लोरेनच्या उंचीची रेघ

ब्रॅकेनशॉची माणसं नवऱ्याला माफ करतात, जावयाला माफ करतात, एकदा तर चर्चच्या छपराचं शिसं चोरणाऱ्यालाही माफ करून त्याच चर्चमध्ये पुरलं. पण फुटबॉलवरून एकदा का डूख धरला, की तो थडग्यापर्यंत जातो. मिल स्ट्रीटच्या टोकाच्या ऑर्मरॉड मायलेकांनी धरलेला डूख तर असा होता, की त्याला रोज दूधभात घालून वाढवला होता म्हणा ना.

लोरेन ऑर्मरॉड ब्रॅकेनशॉ टाउन क्लबात खेळाडूंचे कपडे धुवायची. मैदानाच्या स्टँडखाली एक बुटकं धुलाईघर, दोन मोठी यंत्रं, एक वाळवणी, आणि चिखलाने दगड झालेले मोजे. तिचा नवरा बिंगोच्या हॉलमधल्या एका बाईबरोबर पळून गेला तेव्हा गल्लीने फारसं मनावर घेतलं नाही, कारण तो विंटरबी क्लबचा पाठीराखा होता. पुढे याच विंटरबीने त्याच्या पोराला पोसलं. देवाला विनोद कळत नाही असं कोण म्हणतो?

पोरगा कोरी. चेंडू पायाशी आला की आधी डोकं वर करून सगळं मैदान बघायचा, मग चेंडूकडे. हे शिकवून येत नाही. क्लबाच्या पोरांच्या संघात आठव्या वर्षी गेला आणि सोळाव्या वर्षापर्यंत मधल्या फळीत असा काही वावरला, की सामना बघायला आलेल्या म्हाताऱ्यांचा चहा हातात गार व्हायचा. उंचीने मात्र तो जरा मागेच राहिला होता.

पोरांच्या संघाचा मुख्य होता ट्रेव्हर हॅलम. सहा फुटांचा गडी, छाती पुढे, पोट त्याच्याही पुढे. सोळाव्या वर्षी कुणाला ठेवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं ते हा ठरवायचा. पोरगा अजून किती वाढेल याचा अंदाज आईबापांच्या उंचीवरून बांधायचा, ही तिथली रीतच. आता कोरीचा बाप बिंगोवालीकडे, राहिली आई. तिला बोलावून घ्यायची गरज नव्हती, कारण ती खाली धुलाईघरातच उभी होती.

हॅलम दोन प्रशिक्षकांना आणि कोरीला घेऊन खाली आला.

"लोरेन, बूट काढ बघू. भिंतीला पाठ लाव."

"आत्ता? यंत्रातून पाणी गळतंय, ट्रेव्हर."

"दोन मिनिटांचं काम आहे गं."

तिने बूट काढले. ओल्या फरशीवर मोज्यांनिशी उभी राहिली. हॅलमने तिच्या डोक्यावर पंजा आडवा ठेवला आणि कानामागची पेन्सिल काढून वाळवणीशेजारच्या भिंतीवर रेघ ओढली. मग मागे सरकून त्या रेघेकडे असं बघितलं, जसा गिऱ्हाईक कसायाच्या दुकानात शेवटच्या हाडकाकडे बघतो.

"आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" तो म्हणाला. "पाय सोन्याचे आहेत पोराचे, नाही म्हणत नाही. पण मधल्या फळीत मला पुरुष लागतो. बागेत ठेवायचा लाल टोपीवाला बुटका नको."

दोघे प्रशिक्षक फिस्सकन हसले. लोरेनने बूट घातले, बंद बांधले, यंत्र चालू केलं. कोरी मात्र आईच्या पायांकडे बघत होता. मोज्यांतून पाणी निथळत होतं.

त्या आठवड्यात हॅलमचा ट्रॅकसूट पोटाशी जरा घट्ट आला. पुढच्या आठवड्यात आणखी जरा. बायकोने त्याचे बटाटे बंद केले. गरीब बिचारी, तिला काय माहीत की दोष बटाट्यांचा नाही, लोरेनच्या कढत पाण्याचा आहे!

कोरीने फुटबॉल सोडायचं ठरवलं. फरशांच्या गोदामात कामाला लागला आणि संध्याकाळी अंथरुणात तोंड खुपसून पडायला लागला. लोरेनने आठवडाभर बघितलं. मग एके दिवशी आपल्या जुन्या लांब मोज्यात चेंडू कोंबला, परसातल्या कपड्यांच्या दोरीला टांगला आणि पोराला पांघरुणातून ओढून बाहेर आणलं.

"मार डोक्याने."

"आई, मी बुटका आहे. डोक्याने मारणं हे माझं काम नाही."

"तेच तर! हॅलमलाही तसंच वाटतं. कॉर्नरच्या वेळी तो तुम्हाला काय ओरडून सांगायचा?"

"'उंच गडी धरा, बुटक्याला सोडा.'"

"मग? एक दिवस तो बुटक्याला सोडेल. त्या दिवसासाठी मार."

दोरीखाली टेका द्यायचा एक बांबू होता. कोरीचं डोकं चेंडूला नीट लागायला लागलं, की लोरेन बांबू थोडा उभा करायची आणि चेंडू आणखी वर जायचा. शेजारचा कीथ भिंतीवरून डोकावून म्हणायचा, "लोरेन, तुझी चादर माझ्या टोमॅटोंवर पडलीय आणि तुझं पोरगं माझ्या झोपेवर!" ती म्हणायची, "टोमॅटो तुझे कधी पिकलेत का रे, झोप तेवढी पिकते." आणि धप्प, धप्प, धप्प चालूच.

कोरी उंच झाला नाही. हॅलमची रेघ खरी ठरली, एवढं मान्य करायला हवं. पण मान अशी झाली, की शर्टाचं वरचं बटण लागेना. आधी तो डोंगरावरच्या एका अर्धवेळ संघात गेला. तिथे सामन्याआधी मैदानातून मेंढ्या हाकाव्या लागत आणि खेळून झाल्यावर अंघोळीला पाणी मिळेल याची खात्री नसे. सकाळी फरशा उचलायच्या, संध्याकाळी लाथा खायच्या. तिथून एक पायरी वर, मग आणखी एक, आणि बाविसाव्या वर्षी विंटरबीने त्याला मधल्या फळीत घेतलं. ब्रॅकेनशॉ आणि विंटरबी आता एकाच विभागात.

इकडे ब्रॅकेनशॉच्या मालकाने स्वस्तात पडतो म्हणून हॅलमलाच मोठ्या संघाचा व्यवस्थापक केलं होतं. त्याने संघात ताडामाडासारखे गडी भरले. त्यांच्या डोक्यांना ढग लागायचे, पण पायांना चेंडू काही लागेना. संघ घसरत घसरत तळाला आला. मोसमाचा शेवटचा सामना घरच्या मैदानावर, विंटरबीशी. बरोबरी झाली तर ब्रॅकेनशॉ तरणार. हरला तर खालच्या विभागात, आणि हॅलम घरी.

आदल्या रविवारी कोरी आईकडे जेवायला आला. गोमांसाचा भाजलेला तुकडा, बटाटे, फुगलेलं खारं यॉर्कशर पुडिंग, वर रस्सा. कीथही होता, कारण लोरेनकडे वास सुटला की त्याला मीठ मागायचं आठवतं.

"कोरी, बाळा," कीथ तोंडात बटाटा घोळवत म्हणाला, "चुकून गोल झालाच तुझ्याकडून, तर रीतीप्रमाणे हात वर करशील ना? जुन्या क्लबावर गोल केला की नाचायचं नाही. दोन्ही पंजे दाखवायचे, मान खाली घालायची. सभ्य माणसं असंच करतात."

कोरी रश्शात पुडिंग बुडवत राहिला. मग म्हणाला, "आई, तुम्ही खाली गेलात तर क्लबात पहिली कुऱ्हाड कुणावर पडेल? धुलाईघरावर. कपडे बाहेर धुवायला देतील. तुझं काम जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? इतकी वर्षं..."

लोरेनने रश्शाचं भांडं ठेवलं. "इतकी वर्षं त्या माणसाच्या चड्ड्या धुतेय मी. रोज त्या रेघेसमोर उभी राहून धुतेय. रंगारी आले तेव्हा मीच म्हटलं, तेवढा तुकडा सोडा, तिथे ओल आहे. तुला काय वाटलं, हौस म्हणून ठेवलीय?" तिने सुरी पोरावर रोखली. "गोल कर. आणि गोल करून संतासारखे पंजे दाखवलेस, तर पुढच्या रविवारी जेवायला बापाकडे जा."

कीथने मीठ न घेताच निरोप घेतला.

सामन्याच्या दिवशी मैदान असं खच्चून भरलं, की खिमापाव मध्यंतराआधीच संपले. कोरी मैदानात आला तेव्हा ज्या स्टँडमध्ये त्याची अर्धी गल्ली उभी होती, तिथूनच गाणं सुरू झालं:

"बुटक्या रे बुटक्या, शिडी कुठे तुझी?
आईला सांग, टोपी धू माझी!"

कीथही गात होता. नंतर म्हणाला, मी नुसतेच ओठ हलवत होतो. असेल.

ब्रॅकेनशॉचे ताडमाड सगळे आपल्या गोलासमोर कुंपणासारखे उभे राहिले. विंटरबी चेंडू टाकतंय, हे परतवतायत. कोरीच्या पोटऱ्यांवर इतक्या लाथा बसल्या, की मोजे खाली आले. हॅलम कडेला उभा राहून प्रत्येक लाथेला टाळ्या वाजवत होता. कोरीने एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही. शिकार करायला निघालेली मांजर कबुतराकडे बघत नाही, ती भिंतीकडे बघते.

सामना संपत आला, अजून शून्य-शून्य. स्टँड आता घड्याळाकडे बघून गात होतं. तेवढ्यात विंटरबीला कॉर्नर मिळाला.

कॉर्नर नेहमी कोरीच मारायचा. तो झेंड्यापाशी गेला, चेंडू ठेवला, आणि मग डाव्या बगलेच्या खेळाडूला हाक मारून म्हणाला, "तू मार. जवळच्या खांबापाशी, त्या ताडमाडांच्या छातीएवढ्या उंचीवर."

"आणि तू?"

"मी जरा फिरून येतो."

तो घोळक्याच्या दिशेने चालायला लागला. विंटरबीचा व्यवस्थापक कडेवरून किंचाळला, "कोरी! आत कुठे चाललास, मूर्खा? मागे थांब!" कोरीच्या कानाला तेव्हा दोरीवरच्या चादरींच्या फडफडीशिवाय काही ऐकू येत नसावं.

आणि हॅलमने दोन्ही हात तोंडाशी धरून तीच जुनी आरोळी ठोकली. स्टँडमधल्या शेवटच्या रांगेतही ऐकू आली. "उंच गडी धरा! बुटक्याला सोडा!"

सोडला. ताडमाड एकमेकांचे शर्ट धरून दूरच्या खांबाकडे सरकले आणि जवळच्या खांबापाशी कोरी एकटा राहिला, परसात उभा असल्यासारखा. चेंडू आला. त्याने मान मागे नेली आणि धप्प! जाळं हललं तेव्हा गोलरक्षक अजून दुसऱ्याच बाजूला बघत होता.

स्टँडमधलं गाणं तुटलं. कोरी पळाला. पंजे वर गेले नाहीत, मान खाली गेली नाही. तो सरळ हॅलमसमोर जाऊन थांबला, ताठ उभा राहिला, स्वतःच्या डोक्यावर पंजा आडवा ठेवला, आणि मग तोच पंजा तसाच आडवा पुढे नेला. हॅलमच्या छातीला लागला. तिथे त्याने बोटाने हवेत एक रेघ ओढली.

पंचाने पिवळं कार्ड दाखवलं. कोरीने ते आहेर घ्यावा तसं हसून घेतलं.

एक-शून्य. ब्रॅकेनशॉ खाली गेलं. गल्लीत सुतक पडलं. चिप्सवाल्याने लोरेनच्या पुड्यात व्हिनेगर घालणं बंद केलं, आणि कीथने भिंतीवरून डोकावणंही, म्हणजे परवा तिच्याकडे भाजलेल्या मांसाचा वास सुटेपर्यंत. जूनमध्ये क्लबाने खरंच कपडे बाहेर धुवायला दिले आणि लोरेनला घरी पाठवलं. आता ती शाळेच्या भटारखान्यात आहे. कुणी हळहळलं तर म्हणते, "महाग पडलं असं वाटतं का तुम्हाला? मला नाही वाटत."

पण ते नंतरचं. सामन्यानंतरच्या सोमवारी मालकाने हॅलमला काढलं. आपलं सामान घ्यायला तो खाली धुलाईघराच्या दारात आला, तेव्हा लोरेन फडक्याने फरशी पुसत होती. बाहेरच्या बोळात खेळाडू आपापले खण रिकामे करत उभे होते.

"माझा दुसरा ट्रॅकसूट, लोरेन."

"तयार आहे ना. या आत. बूट काढा आधी, साहेब. फरशी ओली आहे."

"अगं, दारातूनच दे की."

"दोन मिनिटांचं काम आहे," लोरेन म्हणाली.

हॅलमने बोळातल्या खेळाडूंकडे बघितलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्याने वाकून बूट काढले. अंगावरचा ट्रॅकसूटही इतका घट्ट झाला होता, की वाकताना धाप लागली. मोज्यांनिशी तो आत आला आणि वाळवणीशेजारी, त्या रेघेपाशी उभा राहिला. लोरेनने घड्या घालायला अजिबात घाई केली नाही. एक बाही दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली. त्या वेळात हॅलमची नजर भिंतीवर गेली.

त्याने गठ्ठ्यासाठी हात पुढे केला. तिने कपड्यांचा गठ्ठा हातात दिला आणि दार उघडून धरलं.

एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात गठ्ठा घेऊन हॅलम बोळातून गेला. फरशीवर त्याच्या मोज्यांचे ओले ठसे बाहेरच्या दारापर्यंत उमटले होते. लोरेनने ते पुसले नाहीत. आधी कोरीला फोन लावला.