वाया जाणारा पहिला फोटो

भूपाल गेल्याची बातमी मला एका अनोळखी माणसाच्या फोटोतून कळली. सकाळी मोबाइल उघडला, तर आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलेलं फ्लेक्सचं चित्र आलं होतं. निळा कोट, लाल टाय, गुळगुळीत गोरा चेहरा आणि मागे ढग. असेल कुणी पुढारी, म्हणून मी पुढे सरकणार होतो, तेवढ्यात खालचं नाव वाचलं... भूपाल चौगुले. सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा अडत्या, माझा तारुण्यापासूनचा मित्र, ज्यानं जन्मात कधी कोट घातला नाही. खरं तर रडू यायला हवं होतं. आला तो राग, आणि महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही. हे लिहायला बसलोय तेही रागातच.

भूपालकडे कायम एक रेंजफाइंडर कॅमेरा असायचा, रोल घालायचा, जुन्या बांधणीचा. त्यात डोळा लावायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. खिडकीत समोरचा माणूस दुहेरी दिसतो. लेन्स फिरवत त्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून बसवल्या की फोकस झाला. भूपाल तेवढंही करत नसे. अंतर नजरेनंच ठरवायचा, लेन्स आधीच तेवढ्यावर लावून ठेवायचा, आणि समोरच्याला कळेपर्यंत फोटो झालेलासुद्धा असायचा. सगळं जग मोबाइलवर आलं तरी हा मुंबईहून काळे-पांढरे रोल मागवत राहिला. त्याची मतं मात्र ऐकवत नसत. पन्नास मिलिमीटरची एक लेन्स जन्माला पुरते. दुसरी घेतो तो हौशी आणि तिसरी घेतो तो बिनकामाचा. फ्लॅश मारणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून न विचारता दिवा लावणं. कुणी नवा कॅमेरा दाखवायला आणला की हा पहिलं विचारायचा, "ह्यातनं आईचा फोटो काढलास का रं? न्हाई? मग मला काय दाखवतोस?" आणि संगणकावर चेहरे उजळवणाऱ्यांचा तर त्याला भयंकर तिटकारा. माणसाच्या तोंडावरनं इस्त्री फिरवू नये, म्हणायचा. त्याच्याच तोंडावरनं ती फिरली, आणि ते तोंड यार्डाच्या कमानीवर बारा फूट उंच टांगलं गेलं.

रोल तो सांगलीकडं काढायचा, पण धुणं आणि छापणं साताऱ्यात, माझ्याकडे. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो आणि न्हाणीघराला काळा पडदा लावून तिथंच डार्करूम थाटली होती. भूपाल एसटीनं यायचा. दिवस बुडायच्या आत जेवणारा माणूस, त्यामुळे लवकर चार घास उरकायचे आणि मग लाल दिव्याखाली आमची भांडणं सुरू व्हायची. मला सावलीतले बारकावे हवे असत, त्याला काळं ते काळंच हवं असे. "सावलीत काय हाय ते हुडकायला कोण बत्ती घिऊन आलंय, मास्तर? ऱ्हाऊ दे की अंधार." मी चिडून सांगायचो, ओल्या प्रिंटवर भरवसा ठेवू नकोस, वाळली की ती आणखी काळवंडते. ऐकायचा नाही. सकाळी वाळलेली प्रिंट बघून मात्र "पुन्हा काढ" म्हणायचा, जणू चूक माझीच होती.

माझ्या लग्नात तर त्यानं कहरच केला. खिडकी वेगळी असल्यामुळे लेन्सवर टोपण असलं तरी डोळ्याला सगळं स्वच्छ दिसतं. माझ्या अक्षता, सप्तपदी, बायकोचं माहेरच्यांच्या गळ्यात पडून रडणं... सगळं या गृहस्थानं टोपण लावून टिपलं. तो रोल मी स्वतः धुतला आणि तो काचेसारखा कोरा निघाला. माझ्या बायकोनं त्याला कधीही माफ केलं नाही. चहा द्यायची, पण साखर मुद्दाम कमी घालायची. त्यानं ते टोपण कृष्णेत भिरकावलं आणि पुन्हा आयुष्यात टोपण वापरलं नाही.

आणि त्याची ती एक खोड. नवा रोल भरताना सुरुवातीच्या पट्टीला उजेड लागतो, म्हणून लोक दोन-तीन फोटो रिकामेच ओढून सोडून देतात. भूपालला ते पटत नसे. रोल भरला की तो लेन्सचं अंतर लावून कॅमेरा शेजारच्याच्या हातात द्यायचा आणि स्वतः समोर उभा राहायचा. "ओढ पहिला. वायाच जाणार हाय, भिऊ नगंस." त्यानंतरचा सगळा रोल त्याचा. धुतल्यावर ती पहिली चौकट अर्धी जळलेली असायची. "पहिला सोड" असा त्याचा हुकूम, म्हणून मी आपला दुसऱ्यापासून छापत आलो. एरवी कुणाला तो स्वतःचा फोटो काढू देत नसे. शेवटी घरात सापडला तो आधारकार्डावरचा, आणि फ्लेक्सवाल्यानं त्यालाच कोट चढवला.

तेवढंही मी गिळलं असतं. पण काही दिवसांनी त्याच्या मुलानं, सचिननं, मला मोबाइलवर एक फोटो पाठवला. भूपालचा कॅमेरा, दुकानाच्या कट्ट्यावर भर उन्हात ठेवलेला, मागचं झाकण सताड उघडं आणि आत रोल! खाली विचारलं होतं, काका, हा चालू आहे का, एकजण मागतोय, जुन्या कॅमेऱ्यांची फॅशन आलीय म्हणे. मी तिथल्या तिथं फोन लावून ओरडलो, "झाकण लाव! आधी झाकण लाव!"

"लावलंय की काका. जरा उघडून बघितलं. आत रोल हुता, मला काय म्हाईत?"

"तुझ्या बापाचं शेवटचं काम होतं ते. जाळलंस!"

मिळेल त्या एसटीनं सांगली गाठली. घरात शिरलो तर समोर भिंतीवर तोच कोटवाला, हार घालून. भूपालची बायको, विमलवहिनी, त्या फोटोकडं पाठ करून बसल्या होत्या. मला वाटलं, दुःखानं बघवत नसेल. सचिन काहीतरी बोलत होता, मी त्याच्या हातातून कॅमेरा ओढून घेतला आणि चहासुद्धा न घेता परत फिरलो.

घरी येऊन रोल धुतला. उजेड लागलेला रोल काळा पडतो, तसा हा ठार काळा पडला होता, एकामागून एक चौकट. काय होतं त्यांत? कवठे महांकाळकडं मेंढरं घेऊन निघालेली माणसं? यार्डातले हळदीनं पिवळे झालेले हमाल? कधीच कळणार नाही. तो काळा पट्टा हातात धरून मी सचिनला शिव्या दिल्या, त्या मागणाऱ्या हौशाला दिल्या, आणि मरायच्या आधी रोल काढून न ठेवणाऱ्या भूपाललाही दिल्या. मग पट्ट्याच्या सुरुवातीच्या टोकाशी आलो. कॅमेऱ्यात रोल गुंडाळत जातो तेव्हा पहिला फोटो सगळ्यात आत जातो आणि नंतरचे सगळे त्याच्यावर वेढे घालतात. ते वेढे जळाले, पण त्यांनी आतल्याला झाकून धरलं होतं. त्या अख्ख्या रोलात वाचलेला फोटो एकच होता... पहिला.

तो छापला. अर्धा भाग नेहमीसारखा पांढरा फटक. उरलेल्या अर्ध्यात स्वयंपाकघराच्या दारात बनियनवर उभा असलेला भूपाल, चष्मा कपाळावर, एक हात पुढे करून काहीतरी सांगतोय आणि सांगता सांगता हसतोय. दारामागची सावली मी त्याला हवी तशी काळीच ठेवली. प्रिंट वाळू दिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगलीला गेलो.

सचिननं ती हातात घेऊन इकडंतिकडं फिरवली. "काका, अर्धा पांढराच हाय की. असला जळका फोटो भिंतीला लावत्यात व्हय? पाहुणे काय म्हणतील?"

माझा तोल सुटणारच होता, तेवढ्यात वहिनी आतून आल्या. त्यांनी प्रिंट त्याच्या हातातून काढून घेतली.

"ह्यो मी काढलाय," त्या म्हणाल्या. "भाकरी थापत हुते. म्हटलं हाताला पीठ हाय, हात धुऊन काढते. तर म्हणले, पीठ असू दे, वायाच जाणार हाय."

इतक्या वर्षांत मी या बाईचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. तो त्या दिवशी ऐकला.

"लगीन झाल्यापासनं घरात रोल भरला की पहिला माझ्याकडनं काढून घ्यायचे. आनि एकबी मला दाखवला न्हाई! इचारलं की, वाया गेला. भावजी, ह्यो वाया गेलाय व्हय? आवं, हसत्यात की ते माझ्याकडं बघून!"

त्यांनी प्रिंट माझ्यापुढं धरली.

"कुठं हायत ते सगळे?"

"निगेटिव्ह माझ्याकडेच आहेत, वहिनी. साताऱ्यात."

"मग काढा. सगळे काढा." आणि मग मुलाकडं वळून, "त्या कोटवाल्याला उतरीव आधी. परक्या माणसाला हार घालून ठिवलाय माझ्या घरात." सचिन मुकाट्यानं स्टूल घेऊन आला.

आता निवृत्त मास्तरला एवढंच काम आहे. जुनी पाकिटं काढायची आणि घरी भरलेल्या प्रत्येक रोलाची पहिली चौकट छापायची. काळ्याभोर मिशांचा भूपाल, टक्कल पडू लागलेला भूपाल, लेकराला कडेवर घेतलेला भूपाल, प्रत्येक वेळी अर्धा जळलेला आणि प्रत्येक वेळी समोर कॅमेरा धरलेल्या बायकोकडे बघत असलेला. जगाला आईचा फोटो काढलास का म्हणून विचारणाऱ्या या माणसाला, बायकोनं काढलेला एक फोटो तिच्या हातात द्यायचं सुचलं नाही. मला तरी कुठं सुचलं, पण मला त्याचाच राग जास्त येतो, कारण आता त्याच्याशी भांडता येत नाही. न्हाणीघरातल्या तारेवर चिमट्यांना लावून त्याला वाळत घालतो. ओला असतो तोवर उजळ दिसतो, वाळला की जरा काळवंडतो. पुढचं पाकीट उघडताना कानाशी अजून त्याचा हुकूम येतो, पहिला सोड, मास्तर. नाही सोडत, जा.