सातव्या दिवशीची कद्दीश
प्रार्थनेनंतर वाटायच्या मलिद्याच्या गोड पोह्यांना ओल्या खोबऱ्याचा वास सुटला, की वडील गेल्यानंतरचा सातवा दिवस आठवतो. लातुरात यहुदी घर आमचं एकच, म्हणून उन्हाळ्यात वडील आम्हा भावंडांना पुण्याच्या सिनेगॉगमध्ये शिकायला पाठवत. भाऊ तिथं क्रिकेट खेळे. मृतांसाठीची कद्दीश प्रार्थना पाठ झाली मला, पण ती म्हणायची मुलानंच. त्या दिवशी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर भाऊ मध्येच अडकला. "ताई, आठवंना गेलंय, सांग की," तो पुटपुटला. मी खाली बघत राहिले. "बॅट धरायलाच येत होतास का रे पुण्याला?" म्हणत मामांनी प्रार्थना पुरी केली. त्यानंतर भाऊ सिनेगॉगची पायरी चढला नाही; आईची कद्दीशही परक्यानं म्हटली. वडिलांच्या सातव्या दिवशी मलाही आठवलं नाही, असं आजवर सांगत आले. ओळ न् ओळ ओठांवर होती.