गोदामाच्या गच्चीवरचं पाणी

भूत, करणी, अंगात येणं... असलं काही कुणी माझ्यासमोर काढलं की मी उठून जातो. बायको म्हणते, माणुसकी म्हणून तरी बसावं घटकाभर. मी नाही बसत. उभा जन्म गच्च्यांची गळती काढण्यात गेला. पाणी वरून खाली येतं, फटीतून येतं आणि फट बुजवली की थांबतं, एवढाच माझा धर्म. तरी आज हे लिहायला घेतलंय, कारण बाहत्तरच्या दुष्काळात जामखेडला जे पाहिलं ते या धर्मात बसत नाही. हसायचं तर खुशाल हसा.

जामखेडच्या बाहेर, खर्ड्याच्या रस्त्याला एक धान्याचं गोदाम होतं. वर सपाट स्लॅब. दुष्काळी कामावरच्या लोकांचं धान्य तिथे उतरायचं होतं आणि त्याआधी गच्ची पक्की करून द्यायची, हे काम माझ्याकडे आलं. जुनं डांबर उन्हानं पापडासारखं उललं होतं. ते खरवडलं, भेगा भरल्या, गरम डांबराचा हात मारला, त्यावर तरट अंथरलं, पुन्हा डांबर, वर बारीक वाळू. इथपर्यंत ठीक. पण शेवटी गच्चीची परीक्षा असते. पन्हाळ्यांची तोंडं बुजवायची, वर चार बोटं पाणी कोंडून ठेवायचं आणि खालून छताला ओल येते का बघायचं. त्याशिवाय काम पास नाही.

आता मला सांगा — माणसांना प्यायला थेंब नाही आणि गच्चीला पाणी! मी ओव्हरसियरला म्हणालो, "साहेब, लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

तो शांतपणे म्हणाला, "मुकादम, नियम म्हणजे नियम. टँकर सांगितलाय. तुम्ही पन्हाळी बुजवून ठेवा."

आमची टोळी गोदामाच्या सावलीतच ताडपत्र्या बांधून राहायची. बायको शालन आणि दोन वर्षांची मंदा माझ्याबरोबर होत्या. पाणी लांबच्या एका विहिरीच्या तळातलं, वाटीवाटीनं खरवडून आणलेलं, चहासारखं गढूळ. त्यानंच घात केला. आधी पारूचा पोरगा आजारी पडला. पारू म्हणजे आमच्यातली वाळू वाहणारी बाई. उलट्या आणि जुलाब. दोन दिवसांत पोर गेलं. दुपारी त्याला ओढ्याकाठी पुरून आलो आणि संध्याकाळी मंदाला तेच सुरू झालं.

तशीच उचलून डॉक्टरकडे नेली. ते म्हणाले, "उकळलेलं पाणी पाजत राहा, मीठ-साखर घालून. अजिबात थांबू नका."

"पाजतो हो," मी म्हणालो, "पण आणू कुठून?"

स्वतःच्या माठातलं बाटलीभर पाणी त्यांनी मला दिलं. सकाळपर्यंत ते संपलं.

सकाळी मी पन्हाळ्यांत बोळे कोंबले, वर डांबर थापलं. खाली उतरून शिडी गोदामात आडवी टाकली आणि कुलूप लावलं, म्हणजे नव्या डांबरावर कुणी चढायला नको. किल्ली माझ्या करगोट्याला. मनात एकच, टँकर आला की गच्ची गेली खड्ड्यात, आधी मंदाला पाणी. शालन दर थोड्या वेळानं रस्त्यापर्यंत जाऊन बघून यायची. दुपारी एक सायकलवाला सांगत आला, टँकरचा आस तुटून तो वाटेतच पडलाय आणि होतं ते पाणी तिथल्याच लोकांनी नेलं. त्यांना तरी काय बोलणार?

विहिरीकडे गेलेली माणसं रिकामे हंडे घेऊन परतली. मंदा आता रडायची, पण डोळ्यांत टिपूस नाही. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. शालन तिच्या ओठांवर ओलं फडकं फिरवत होती, पण फडकंही वाळत चाललेलं. मी काय करत होतो म्हणाल, तर डांबराच्या रिकाम्या पिंपाला लाथा घालत होतो. माझी पोर डोळ्यांदेखत चालली होती आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात शालन म्हणाली, "अहो, या चिमण्या ओल्या आहेत."

गच्चीच्या कठड्यावरून चिमण्या खाली येत होत्या, ताडपत्रीवर बसून पंख झाडत होत्या. माझ्या हातावर थेंब पडला. मी कुलूप काढलं, शिडी लावली, वर गेलो.

गच्ची भरलेली होती. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, चार बोटं. स्वच्छ. तळाची वाळू दिसत होती. भर उन्हात पाणी गार, आणि ताज्या डांबरावर असूनही त्याला डांबराचा वास नाही की वर तवंग नाही. मी ओंजळ प्यालो, मग आणखी एक. खालून शालन हाका मारत होती. मी कठड्यावरून वाकून म्हणालो, "बादली बांध दोराला."

तिनं ते उकळलं, गाळलं, चमच्याचमच्यानं पाजलं. बाकीच्यांनी हंडे लावले, बघताबघता आसपासच्या वस्त्यांतून लोक आले. मी वरून बादल्या सोडत राहिलो. दिवेलागणीला मंदानं शू करून आईचं लुगडं ओलं केलं आणि शालन हसत-रडत ते ओलं लुगडं मला दाखवायला आली.

पाऊस म्हणाल, तर आभाळात ढगाची बोटभर चिंधी नव्हती. गोदामाभोवतीचा फुफाटा तसाच, त्यावर एका थेंबाची खूण नाही. पंप नव्हता, जवळपास दुसरी शिडी नव्हती, आणि असती तरी दिवसभर आम्ही दहा-बारा माणसं भिंतीला टेकून बसलेलो. दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर आला, ओली गच्ची आणि कोरडं छत पाहिलं आणि खूश झाला. "मुकादम, कुणाचा टँकर पळवलात?" म्हणून हसला. काम पास.

मंदाला आता नातवंडं आहेत. ही गोष्ट निघाली की पाहुणे हात जोडतात, म्हणतात, देवाची कृपा हो. माझं डोकं फिरतं. कारण त्या संध्याकाळी सगळे पाणी घेऊन गेल्यावर शेवटी पारू आली होती. हातात तांब्या. मी बादली सोडली, तिनं तांब्या भरून घेतला, पण ती हलेना. वर माझ्याकडे बघत म्हणाली, "मुकादम, काल का न्हाई आलं वो हे पाणी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच वाटत होतं की मला ठाऊक असेल. मी काहीतरी काम असल्यासारखं करून कठड्यामागे सरकलो आणि ती जाईपर्यंत तिथेच खाली बसून राहिलो. ते पाणी कुठून आलं हे मला आजही सांगता येत नाही, आणि तिला काय सांगायला हवं होतं, तेही नाही.