सावलीच्या खुणेवरचा नारिंगी

तो फोटो माझ्या धाकट्या बहिणीने काढला होता आणि मला तो फारसा आवडला नव्हता, असं मी बरीच वर्षं सांगत आले. खरं तर पाहताक्षणी, हा आपण काढायला हवा होता असं वाटावं, इतका आवडला होता.

आमच्या दोघींत एकच डिजिटल कॅमेरा होता. पनवेलहून एसटीने उरणला आणि तिथून करंजाला गेलो होतो. श्रावणातली उघडीप होती. नारळी पौर्णिमेआधी होड्या रंगवायच्या म्हणून जुना रंग खरवडणं चाललं होतं. निळ्याखालून हिरवा निघत होता, हिरव्याखालून तांबडा. आम्हाला फोटोत होडी नकोच होती. वस्तू ओळखू येऊ नये, नुसत्या रंगाने काय ते वाटावं, हे पुस्तकांत वाचून मीच तिला शिकवलं होतं. लाकडाला नाक लावलेल्या आम्हाला पाहून खरवडणारी बाई म्हणाली, "एवढी मोठी होडी हाय, आनि तुमी तिच्या खरजेचा फोटू काढता?"

बहीण हसत खाली बसली, आणि बसल्या बसल्याच तिने तो फोटो काढला. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सोय, चुकून सावलीच्या खुणेवर राहिला होता. भर उन्हात त्यामुळे सगळं नारिंगी झालं.

घरी आईने मी काढलेल्या निळ्या फोटोला "छान" म्हटलं. नारिंगीपुढे मात्र ती थांबली. "मी लग्न होऊन आले ना, तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर संध्याकाळी असाच उजेड यायचा," म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

"अगं, चुकून झालंय ते," मी म्हणाले.

"मग चूक छान आहे," बहीण म्हणाली. "ताई, जळू नकोस."

फोटोची प्रत काढून आईने भिंतीवर लावली. त्याच आठवड्यात बहीण खारघरला कॉलेजात गेलेली असताना मी संगणकावर तो फोटो उघडला, रंग दुरुस्त केला आणि मूळ फाइलवरच सेव्ह केला. पांढरं होतं ते पांढरं दिसू लागलं. फोटोत काही उरलं नाही. मला बरं वाटलं.

काही वर्षांनी बहीण आजारपणात गेली. सहा महिन्यांनी आई म्हणाली, "भिंतीवरच्या फोटोचा रंग उडालाय गं. नवी प्रत काढून आण."

दोन दिवस मी संगणकावर रंग चढवत, उतरवत बसले. हळद आली, भगवा आला. तो उजेड आला नाही. करंजाला जाऊन आले. ती होडी आता हिरवी होती. "दरवर्साला खरवडतो आमी," तीच बाई म्हणाली. "तो रंग आता कुठं गावनार?"

शेवटी त्यातल्या त्यात बरा होता तो छापून आईला दिला. खिडकीपाशी नेऊन तिने पाहिला.

"छान आहे. तुझा ना हा?"

मग मी सांगून टाकलं.

"का गं असं केलंस?"

"तिचा चांगला होता म्हणून."

 माझी प्रत आईने लग्नाच्या अल्बमखाली ठेवली, आणि भिंतीवरच्या उडालेल्या फोटोची काच पुसून तो परत लावला. आता तो जेमतेम नारिंगी आहे. तरी येता-जाता ती त्यापुढे थांबते. शेजारी माझा निळाही आहे. त्याच्यापुढे ती थांबत नाही, हे अजून माझ्या लक्षात येतं.