सत्तावीस बायांचं गणित

सत्यभामा नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यात शिलाईला होती. चाळिशीत तिनं बाहेरून दहावीचा फॉर्म भरला. संध्याकाळच्या वर्गात आरजू मॅडमनी गणित दिलं: सत्तावीस बाया, एका गाडीत आठ बसतात, तर गाड्या किती लागतील? बाकीच्यांनी तीन लिहिलं, सत्यभामानं चार.

“चार कशा?” मॅडमनी विचारलं.

“तीन गाड्या भरल्या का तिघी गेटवरच राहतात, मॅडम. आमच्या कारखान्यात रोजच राहतात. मंग पायी जा. त्यात मी बी.”

दुसऱ्या दिवशी तिनं हे गणित सोबतिणींना सांगितलं. सुटी झाल्यावर एकही बाई गाडीत चढली नाही. सुपरवायझर ओरडला, त्या उभ्याच राहिल्या. तासाभरानं चौथी गाडी आली. सत्यभामा खिडकीशी बसली आणि गाडी हलायच्या आधीच झोपली.