अजराताईंचा म्युन्स्टरचा वीकेंड

आमच्या ऑफिसात एनओसी कोणालाही हवी असो, ती टाइप करतात अजरा परकार. 'सदर कर्मचाऱ्याच्या प्रवासास कंपनीची हरकत नाही,' एवढंच ते पत्र, पण ते नसेल तर युरोपच्या व्हिसाची खिडकी तुमच्यापुरती बंद. लेटरहेड अजराताईंकडे आणि कंपनीचा गोल शिक्काही त्यांच्याच ड्रॉवरमध्ये. सही तेवढी मॅनेजरची, ज्यांना आम्ही सगळे अरबीत मुदीर म्हणतो. अकरा वर्षांत अजराताईंनी शे-दोनशे लोकांना हरकत नसल्याचं लिहून दिलं असेल. स्वतःसाठी पहिल्यांदा लिहिलं ते या एप्रिलमध्ये.

त्यांची थोरली, लायबा, जर्मनीत म्युन्स्टरला शिकते. मे महिन्यातल्या एका शनिवारी तिला पदवी मिळणार होती आणि हॉलमध्ये घरच्या एकाच माणसाला जागा होती. दोन वर्षं या बाईंनी मुलगी फक्त मोबाइलच्या काचेत पाहिली होती.

आम्ही दोघंही शारजाला राहतो, म्हणून संध्याकाळी त्या माझ्या गाडीत असतात. मी वासुदेव गोगटे, टेंडरचे आकडे लावणारा. शारजाच्या रस्त्यावर तासभर गाडी हलत नाही आणि माझं डोकं फिरतं, तेव्हा मागच्या सीटवरून अजराताई शांतपणे म्युन्स्टर सांगायच्या. मुदीरांच्या कुटुंबाच्या सहली आखून त्यांचा हात बसला होता. शुक्रवारी साडेबाराला ऑफिस सुटलं की विमानतळ. ड्युसेलडॉर्फला उतरून ट्रेन. शनिवारी सकाळी समारंभ, मग मोठ्या चर्चपुढचा बाजार. रविवारी लायबाला ड्रेस घ्यायचा. यावर लायबा फोनवर हसली होती. "अम्मी, संडेला एव्हरीथिंग इज क्लोज्ड."

"घ्या," अजराताई मला म्हणाल्या. "आपल्याकडे मध्यरात्री सोफा मिळतो आणि हे लोक रविवारी रुमालसुद्धा विकत नाहीत."

मग रविवारी तळ्याकाठी फिरायचं ठरलं. रात्रीचं परतीचं विमान आणि सोमवारी सकाळी सरळ डेस्कवर. म्हणजे रजा एक दिवसाचीही नको. तिथल्या एका चर्चच्या मनोऱ्यावर पहारेकरी रोज रात्री तुतारी फुंकतो, हेही त्यांनी शोधून काढलं होतं. फक्त मंगळवारी फुंकत नाही. "बघा वासूभाऊ, मनोऱ्यावरच्या माणसालाही मंगळवारची सुट्टी असते," त्या म्हणाल्या. मी हसलो, त्या हसल्या नाहीत.

व्हिसाची अपॉइंटमेंट गुरुवारी होती. पत्र टाइप होऊन तीन आठवडे मुदीरांच्या फाइलमध्ये पडलेलं. दोनदा विचारलं, दोनदा उत्तर आलं, "इन्शाल्ला, अजरा."

इथे एक सांगायला हवं. आखातात एक इन्शाल्ला घरचा असतो आणि एक ऑफिसचा. घरचा खरा, देवाच्या इच्छेवर सोडलेला. ऑफिसचा म्हणजे विषय संपला. टाइल्सवाला मला 'इन्शाल्ला, उद्या' म्हणाला की मी मुकाट्याने दुसऱ्या टाइल्सवाल्याला फोन लावतो. अजराताई दाभोळच्या, त्यांच्या घरात हा शब्द जपून वापरतात. ऑफिसात तर त्या तो उच्चारतच नाहीत. "अल्लाचं नाव आहे, टाळायला घेऊ नये," म्हणतात.

मंगळवारी गाडीत माझा संयम सुटला. मी म्हटलं, "शिक्का तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे. मुदीरांची सही म्हणजे दीड रेघ. ती मी मारतो."

"माझे मिस्टर हारुन नोकरी गेल्यापासून माझ्या व्हिसावर आहेत," त्या म्हणाल्या. "धाकटा अबुजरही माझ्याच व्हिसावर. मला काढलं की आम्ही तिघंही देशाबाहेर. तो शाळेत आहे हो, नववीत."

स्वतःच्याच ड्रॉवरला ही बाई घाबरते, याचा मला संताप आला होता आणि तो काढायला समोर फक्त हॉर्न होता.

बुधवारी दुपारी मुदीरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सह्यांची फाइल पुढ्यात, अजराताईंचं पत्र सगळ्यात वर, हातात पेन. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "समारंभानंतरच्या सोमवारी दहाला टेंडर भरायचंय. हिचं विमान लेट झालं तर तू एकटा निभावशील?"

मला कोण आनंद झाला. निभावणार म्हणजे काय, रविवारी रात्री ऑफिसात झोपलो असतो. अगदी मनापासून मी म्हणालो, "इन्शाल्ला, सर."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि पत्रावर पिवळी चिठ्ठी चिकटवली, 'टेंडरनंतर बघू.' माझ्या तोंडून काय गेलं ते मला दाराबाहेर आल्यावर कळलं. मागे वळलो तर मुदीर फोनवर होते, मग मीटिंगला, मग घरी. एकवीस वर्षं या देशात काढली आणि नेमका हाच शब्द माझ्या जिभेवर बसावा. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

संध्याकाळी गाडीत मी सगळं सांगून टाकलं.

"तुम्ही खरंच निभावणार होतात ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तुम्ही बरोबरच बोललात. त्यांना ऑफिसातला ऐकू आला." त्या सावरून बसल्या. "अपॉइंटमेंट साडेअकराला आहे. ते आठला येतात. सकाळी दारातच गाठू. तुम्ही नुसतं 'यस सर' म्हणा."

मी दोनदा म्हणून दाखवलं. यस सर. यस सर. त्या हसल्या, तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

तेवढ्यात लायबाचा फोन आला. अजराताईंनी तो स्पीकरवर टाकला.

"अम्मी, एनओसी मिळाली? आज हॉलवाल्यांना नाव द्यायचंय. माझ्या फ्रेंडचे दोन्ही पेरेंट्स येतायत, त्यांना एक सीट कमी पडतेय."

"उद्या सकाळी मिळेल," अजराताई म्हणाल्या. मघाच्या हसण्याने त्यांचा आवाज अजून मोकळा होता. "इन्शाल्ला, बेटा."

लायबा शारजात वाढलेली मुलगी. वडलांच्या प्रत्येक इंटरव्ह्यूनंतर आलेलं 'इन्शाल्ला, कळवू' तिने घरात बसून ऐकलं होतं.

"इट्स ओके, अम्मी," ती समजूतदारपणे म्हणाली. "सीट त्यांना देते. यू डोन्ट फील बॅड." आणि तिने फोन ठेवला.

"अगं, तसला नाही," अजराताई बंद फोनला म्हणाल्या. "हा तसला नव्हता गं."